शेततळ्यापासून चाळीपर्यंत: उन्हाळ कांदा टिकवायचा तर पाण्यापासून सुरुवात करा

पावसाळ्यात कांदाचाळीतून, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधून, कुजका वास येऊ लागला की आधी चाळीला बोल लावला जातो. छप्पर तापलं, हवा खेळली नाही, पाऊस आत आला. ही कारणं खोटी नसतात, पण अपुरी असतात. सडलेल्या कांद्यांतले दहा-वीस हातात घ्या आणि त्यांच्या माना बघा. त्यांतल्या बऱ्याच माना जाड आणि न मिटलेल्या असतात. बुरशी आणि जिवाणू तिथूनच आत शिरतात. मान जाड राहिली, कारण काढणीच्या वेळी तो कांदा पिकलेलाच नव्हता. शेजारचा पिकला आणि हा राहिला, कारण दोघांना मिळालेलं पाणी सारखं नव्हतं. ठिबकावर पाणी सारखं मिळत नसेल, तर कुठेतरी ड्रीपर (नळीवरची पाणी टपकवणारी तोंडं) बुजलेत आणि ते बुजू देणारा फिल्टर शेततळ्याच्या कडेला उभा आहे.

कृषी अभियांत्रिकीत सिंचन, पाणी गाळणं आणि साठवण हे तीन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, येवला, देवळा, कळवण, सटाणा या पट्ट्यातल्या शेतकऱ्यासाठी ते एकच काम आहे. डिसेंबर-जानेवारीत लागवड, एप्रिल-मेमध्ये काढणी आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत चाळ, असं ते वर्षभर चालतं. म्हणून हा लेख पाणी ज्या वाटेने जातं त्याच वाटेने पुढे जातो.

आधी पाणी ओळखा

फिल्टर दुकानात निवडायचा नसतो, विहिरीवर किंवा तळ्यावर निवडायचा असतो. एक पारदर्शक बाटली पाण्याने भरा, झाकण लावा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी वाळूचे कण बसलेले दिसले तर बोअरचा किंवा विहिरीचा त्रास आहे. पाणी अजूनही गढूळ असेल तर मातीचे अतिशय बारीक कण तरंगताहेत. कालव्याच्या पाण्यात हे नेहमी दिसतं. हिरवट झाक आणि बोटांना बुळबुळीतपणा जाणवला तर शेवाळ. बाटलीच्या आत पांढरी पुटं धरली तर क्षार, आणि तांबूस गाळ बसला तर लोह.

पुढची तपासणी प्रयोगशाळेची. जिल्ह्यातल्या माती-पाणी परीक्षण केंद्रात नमुना द्या आणि अहवालात पाच आकडे बघा. सामू (पीएच) ८ च्या वर असेल तर क्षार साचून ड्रीपर बुजण्याचा धोका मोठा. तरंगणारे कण लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर गेले तर वाळूच्या फिल्टरशिवाय भागत नाही. लोह लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर तेही ठिबकाला जड जातं. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त असले तर नळीच्या तोंडाशी पांढरे खडे धरणारच. पाचवा आकडा विद्युत वाहकतेचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आणि तो थेट कांद्याचा आहे. कांदा क्षाराला फार हळवा असतो. पाण्याची वाहकता मीटरला ०.८ डेसीसायमनच्या पुढे गेली की उत्पादन घटायला लागतं. कालव्याच्या लाभक्षेत्रात, जिथे वर्षानुवर्षं पाणी देऊन जमिनी चिबड (पाणथळ, क्षारपड) झाल्या, तिथल्या विहिरींवर हा आकडा आवर्जून बघा.

शेततळ्याचा हिशेब आणि पाणी उचलायची जागा

३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराचं शेततळं भरलं की त्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. आकडा मोठा वाटतो. उन्हाळ कांद्याला पूर्ण हंगामात साधारण ३५० ते ५५० मिलिमीटर पाणी लागतं. मधला ४५० धरला तर एकराला, म्हणजे ४,००० चौरस मीटरला, १८ लाख लिटर. ठिबकाची कार्यक्षमता ९० टक्के मानली तर २० लाख. म्हणजे अख्खं तळं एका एकराचं. त्यातून बाष्पीभवन वजा करा: ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून दिवसाला ६ मिलिमीटर उडालं, तर रोज ५,४०० लिटर गेले. ज्यांची विहीर फेब्रुवारीपर्यंत साथ देते, त्यांनी आधी विहिरीचं पाणी वापरावं आणि तळं मार्चसाठी राखावं. विहीर आटायच्या बेतात असताना एका तळ्यावर तीन एकर कांदा लावणं म्हणजे गाठ पोसायच्या ऐन वेळी पिकाला ताण देणं.

पाणी उचलायची जागा ही फुकटातली गाळणी आहे. तळ्याच्या तळाशी गाळ असतो आणि वरच्या थरात शेवाळ, पालापाचोळा असतो. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या ओढनळीच्या तोंडाची झडप) बंद डब्याच्या किंवा ड्रमच्या तरंगत्या आधाराने पृष्ठभागापासून दीड-दोन फूट खाली लटकत राहील असा बांधा. पाणी उतरेल तसा तोही खाली जातो. त्याभोवती बारीक जाळीचा मोठा पिंजरा करा. जाळीचं क्षेत्र जितकं मोठं, तितकी कचरा ओढला जाण्याची शक्यता कमी. तळं जाळीने झाकता आलं तर ऊन कमी पडून शेवाळ कमी वाढतं. विहिरीतून तळ्यात येणारं पाणीही उंचावरून धबाधबा सोडू नका. त्याने तळाचा गाळ ढवळला जातो आणि तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिक कागदालाही इजा होते.

गोदावरीचं नाशिक शहराच्या खालच्या अंगाचं पाणी उचलणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. या पाण्यात सेंद्रिय घाण जास्त असते. नळ्यांत जिवाणूंचा चिकट थर धरतो आणि त्यावर बारीक माती बसते. नुसती जाळी इथे पुरत नाही. वाळूचा फिल्टर आणि क्लोरीनची धुलाई हवीच.

फिल्टर कोणता, कोणत्या क्रमाने

ड्रीपरची आतली वाट एखाद्या मिलिमीटरची असते. त्या वाटेच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्यापेक्षा मोठा कण पुढे जाता कामा नये, हा नियम. एकेकटा कण सहज निघून जाईल, पण चार-सहा कण एकत्र आले की कमान धरून अडकतात, म्हणून एवढी काळजी. १२० मेशची जाळी सुमारे १३० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. ठिबकासाठी साधारण हीच वापरतात.

बोअर किंवा वाळू येणारी विहीर असेल तर पहिला हायड्रोसायक्लोन, ज्याला आपल्याकडे वाळू विभाजक म्हणतात. पाणी त्यात गरगर फिरतं आणि जड वाळू खालच्या टाकीत बसते. शेवाळ किंवा पालापाचोळा तो काढत नाही, कारण ते पाण्याइतकेच हलके असतात. शेततळं, कालवा, नदी असेल तर वाळूचा फिल्टर, म्हणजे ग्रॅव्हल फिल्टर. त्याच्या थराच्या पूर्ण खोलीत घाण अडकते, म्हणून शेवाळाला तोच खरा उतारा. शेवटी जाळीचा किंवा चकत्यांचा फिल्टर. शेवाळ असेल तिथे चकत्यांचा घ्या. जाळीवर शेवाळ पसरतं आणि दाबाने आरपारही जातं.

खताची व्हेंच्युरी (खत ओढून पाण्यात मिसळणारी जोडणी) वाळूच्या फिल्टरनंतर पण जाळीच्या फिल्टरच्या आधी बसवा. न विरघळलेलं खत मग जाळीवर अडतं, ड्रीपरपर्यंत पोचत नाही. कित्येक ठिकाणी व्हेंच्युरी सगळ्यात शेवटी बसवलेली दिसते. ती जोडणी लगेच बदलून घ्या.

क्षमतेचा हिशेब असा करा. १२० सेंटिमीटर माथ्याचा गादीवाफा, मध्ये ४५ सेंटिमीटरची सरी आणि वाफ्यावर ६० सेंटिमीटर अंतराने दोन नळ्या, ही राजगुरूनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने शिफारस केलेली रचना आहे. दर १.६५ मीटरला दोन नळ्या म्हणजे एकराला सुमारे ४,८५० मीटर नळी. ५० सेंटिमीटरवर ४ लिटरचा ड्रीपर धरला तर ९,७०० ड्रीपर आणि तासाला जवळपास ३९,००० लिटर. एवढं पाणी एका पंपाने एकदम देणं बहुतेकांना जमत नाही. म्हणून एकराचे दोन भाग करा. अर्ध्या एकराच्या भागाला तासाला साडेएकोणीस हजार लिटर लागतील, तेव्हा फिल्टर २५ घनमीटर क्षमतेचा घ्या. शेवाळाचं पाणी असेल तर त्याहून एक पायरी मोठाच. फिल्टरवर चार पैसे वाचवून हंगामभर ड्रीपर टोचत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

दाबाचे दोन काटे

फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन प्रेशर गेज लावा. एका काट्याने काही कळत नाही, खरी गोष्ट दोघांमधल्या फरकात आहे. फिल्टर स्वच्छ असताना फरक चौरस सेंटिमीटरला ०.२ ते ०.३ किलोच्या आसपास असतो. तुमच्या संचावर पहिल्या दिवशी किती होता ते फिल्टरवरच रंगाने लिहून ठेवा. फरक ०.५ किलोवर गेला की धुवायची वेळ झाली. बघायला काटा आहे, तेव्हा ‘आठ दिवसांनी धुऊ’ असं कॅलेंडरवर ठरवू नका. कालव्याला आवर्तन सुटलं की पहिल्या दिवशी हाच फरक तासाभरात गाठला जातो.

वाळूचा फिल्टर धुताना पाण्याचा प्रवाह उलटा फिरवा आणि बाहेर पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालू ठेवा. साधारण पाच मिनिटं लागतात. प्रवाह इतकाच ठेवा की वाळूचा थर उचलला जाईल, पण वाळू बाहेर पडणार नाही. बाहेरच्या पाण्याखाली हात धरून वाळू येते का ते बघा. हंगामाच्या सुरुवातीला झाकण उघडून वाळू तपासा. वर चिखलाची साय किंवा मधे गोळे झाले असतील तर वाळू बाहेर काढून धुवा. कण झिजून गोलसर झाले असतील तर बदला. धारदार कडांची वाळूच घाण पकडते.

ड्रीपर सारखे टपकतात का, हे वाट्यांनी तपासा

लागवडीपूर्वी एक तास द्या, या लेखातली सर्वांत मोलाची तपासणी ही आहे. एका भागातल्या चार नळ्या निवडा: सबमेनवरची (नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपवरची) पहिली, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशावरची आणि शेवटची. प्रत्येक नळीवर त्याच चार ठिकाणचा एकेक ड्रीपर घ्या. असे सोळा ड्रीपर झाले. पंप सुरू करून दाब स्थिर होऊ द्या, मग प्रत्येकाखाली तीन मिनिटं वाटी धरा. ४ लिटरचा ड्रीपर तीन मिनिटांत २०० मिलिलिटर देतो. औषधाच्या मापाने किंवा मोजपात्राने मोजा आणि लिहून घ्या.

सोळांची सरासरी काढा. मग सगळ्यांत कमी आलेल्या चारांची सरासरी काढा. दुसऱ्या सरासरीला पहिलीने भागून शंभराने गुणा. समजा सगळ्यांची सरासरी १८० आली आणि तळच्या चारांची १३०, तर एकसारखेपणा ७२ टक्के. ९० च्या वर उत्तम, ८० ते ९० ठीक, ७० च्या खाली गेला तर त्या संचावर कांदा लावू नका, आधी दुरुस्त करा.

कुठे कमी येतं त्यावरून रोग ओळखता येतो. सगळ्याच नळ्यांच्या टोकाला कमी येत असेल तर दाब कमी आहे किंवा नळी फार लांब ओढली आहे. कंपनीच्या तक्त्यात दिलेल्या लांबीपलीकडे जाऊ नका. इथे-तिथे विस्कळीत कमी येत असेल तर ड्रीपर बुजलेत. सगळीकडे सारखंच कमी असेल तर फिल्टर किंवा पंप बघा.

हा एकसारखेपणा फक्त पाण्याचा नाही. युरिया, अमोनियम सल्फेट, पोटॅश सगळं त्याच वाटेने जातं. २०० मिलिलिटर टपकणाऱ्या ठिकाणी नत्रही दीडपट पडतं, आणि १३० वाल्या ठिकाणी उपाशी राहतं. भरपूर नत्र मिळालेली रोपं पात वाढवत बसतात, त्यांची मान जाड होते. नत्र शेवटपर्यंत देत राहण्याची सवय घातक आहे; लागवडीनंतर दोन महिन्यांच्या आत नत्र संपवा.

बुजलेल्या नळ्या उघडणं: आम्ल आणि क्लोरीन

आधी नुसती धुलाई. सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडा, मग दोन-चार नळ्यांची टोकं एकावेळी सोडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. सगळ्या एकदम सोडल्या तर पाण्याला जोर राहत नाही. हे काम हंगामात दर पंधरा दिवसांनी करत राहा.

पांढऱ्या क्षाराला आम्ल. मात्रा तुमच्या पाण्यावर ठरते, म्हणून बादलीत प्रयोग करा. १० लिटर पाणी घ्या, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल मिलिलिटर-मिलिलिटर टाकत ढवळा आणि सामूच्या कागदाने तपासत राहा. सामू ४ वर आला की किती लागलं ते लिहा. समजा ८ मिलिलिटर लागलं, तर लिटरला ०.८. अर्ध्या एकराच्या भागातून पंधरा मिनिटांत सुमारे ४,९०० लिटर पाणी जातं, म्हणजे ३.९ लिटर आम्ल. ते व्हेंच्युरीतून पंधरा मिनिटांत ओढलं जाईल असा वेग ठेवा. शेवटच्या ड्रीपरखाली सामूचा कागद धरून खात्री करा, मग पंप बंद करून आम्ल रात्रभर नळ्यांत राहू द्या. दुसऱ्या दिवशी टोकं सोडून धुवा. उभ्या पिकापेक्षा लागवडीआधी हे उरकणं बरं. पंपाच्या किंवा वाळूच्या लोखंडी टाकीच्या आधी आम्ल सोडू नका, लोखंड खातं.

आम्ल नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा आणि पायांत बूट असल्याशिवाय हे काम नको. लहान मुलं शेतात असतील तर त्या दिवशी करूच नका.

शेवाळ आणि चिकट थराला क्लोरीन. ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं. अर्धा तास २० पीपीएम (लिटरला २० मिलिग्रॅम) द्यायचं तर अर्ध्या एकराच्या ९,७५० लिटर पाण्यासाठी सुमारे १९५ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ६०० ग्रॅम पावडर. ती बादलीत रात्री भिजवा आणि सकाळी वरचं निवळलेलं पाणीच घ्या, खालचा चुना टाकून द्या. पाणी आधीच जड असेल तर पावडरऐवजी सोडियम हायपोक्लोराइट वापरा. शेवटच्या ड्रीपरजवळ क्लोरीनचा वास यायला हवा. त्या वेळी खत सोडू नका. आणि आम्ल व क्लोरीन एकाच टाकीत, एकाच वेळी कधीही नको, विषारी वायू तयार होतो. दोन्हींच्या मध्ये किमान एक दिवस आणि एक धुलाई असू द्या.

रोज किती पाणी, आणि बंद कधी

कांद्याची मुळं वरच्या फूटभरातच असतात. भरपूर पाणी आणि मग चार दिवस कोरडं, हे त्याला सोसत नाही. गाठी फुटतात आणि जोड कांदे वाढतात. गाठ पोसण्याच्या काळात पिकाची गरज संदर्भ बाष्पीभवनाच्या (हवामानावरून काढलेला, दिवसाला किती पाणी उडतं त्याचा आकडा) १.०५ पट असते. तो आकडा ५ मिलिमीटर असेल तर ५.२५, म्हणजे एकराला २१,००० लिटर, कार्यक्षमतेचं धरून २३,३०० लिटर. वरच्या रचनेत अर्ध्या एकराच्या प्रत्येक भागाला त्याचा वाटा पस्तीस-छत्तीस मिनिटांत मिळतो. दोन-दोन तास ठिबक चालू ठेवणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच्या ड्रीपरवर करून बघावा. उरलेलं पाणी मुळांखाली जातं आणि जाताना नत्रही घेऊन जातं. काढणी जवळ आली की गुणक ०.७५ पर्यंत उतरतो, तेव्हा मिनिटंही कमी करा.

पाणी तोडणं हा साठवणीच्या कांद्याचा निर्णायक टप्पा. भारी काळ्या जमिनीत काढणीच्या पंधरा ते वीस दिवस आधी, हलक्या मुरमाड जमिनीत दहा-बारा दिवस आधी. पात हिरवी दिसते म्हणून ‘अजून एक पाणी’ देण्याचा मोह मार्चअखेरीस हमखास होतो. त्या एका पाण्याने वजन थोडं वाढेल, पण मान पुन्हा ओली होईल. तो कांदा लगेच बाजारात न्यायचा असेल तर ठीक, चाळीसाठी नको. शेजाऱ्याच्या पाटाचं पाणी पाझरून वाफ्यात येत असेल तर तेही चर काढून अडवा.

काढणी आणि सुकवणी

अर्ध्या माना आपोआप पडल्या की काढायचं. ड्रम फिरवून किंवा तुडवून माना मोडू नका. मोडलेली मान आणि पिकून पडलेली मान यांत फार फरक आहे.

कांदा पातीसकट उपटा आणि ओळीत असा पसरा की पुढच्या ओळीच्या पातीने मागच्या ओळीचे कांदे झाकले जातील. थेट उन्हात उघडा पडलेला कांदा भाजतो. तीन ते पाच दिवसांनी पात वाळली की मानेला पीळ देऊन इंचभर ठेवून कापा. मान अगदी जवळून कापली तर जखम उघडी राहते. त्यानंतर सावलीत, पातळ थरात आणखी दहा-बारा दिवस. एप्रिलमधल्या अवकाळीच्या धास्तीने ही सावलीतली सुकवणी गाळली जाते, आणि मग पुढे पुरं होत नाही. कांदा शेतात असताना भिजला असेल तर तो वेगळा ठेवा आणि आधी विका.

निवड करताना जोड, डेंगळे (फुलांचे दांडे) आलेले, जाड मानेचे, काप लागलेले, भाजलेले कांदे काढून टाका. गोल्टीही (अगदी लहान कांदे) वेगळी करा. मोठ्या कांद्यांत मिसळली की ती मधल्या फटी बुजवते आणि हवा अडते. साठवणीला मध्यम आकाराचा, चांगली सालपटं धरलेला कांदा घ्या. वाण निवडतानाही साठवण डोळ्यांसमोर ठेवा: एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण, अॅग्रीफाउंड लाइट रेड हे टिकणारे वाण आहेत. पोळ (खरीप) आणि रांगडा (उशिरा खरीप) कांदे चाळीसाठी नाहीत.

चाळीचं माप

एक घनमीटर जागेत साडेपाचशे ते सहाशे किलो कांदा बसतो. १२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच अशी एक पाखी (कांदा भरायची लांब रांग) २१.६ घनमीटरची होते, म्हणजे साधारण १२ टन. मध्ये पाच फुटांची गल्ली सोडून अशा दोन पाख्या केल्या की २५ टनांची चाळ. एकरी दहा-बारा टन निघाले तर दोन एकरांचा माल. पन्नास टनांसाठी लांबी किंवा रुंदी वाढवण्यापेक्षा दोन चाळी बांधा.

यातलं रुंदी आणि उंचीचं माप कधीच वाढवू नका. कांदा साठवणीतही श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि ओलावा निघतो. १.२ मीटर रुंदीतून वारा आरपार जातो, दोन मीटरमधून मधल्या कांद्यांपर्यंत पोचत नाही. उंची पाच फुटांच्या वर गेली की तळचे कांदे दबतात आणि पहिलं पाणी तिथून सुटतं. आपल्याकडे भाव पडले की ‘बसेल तेवढा भरा’ म्हणून सात-सात फूट भरलेल्या चाळी दिसतात. त्या भरतानाच बिघडलेल्या असतात.

एक पाखी चाळ दक्षिणोत्तर लांब ठेवा, म्हणजे पश्चिमेचा वारा रुंदीतून आरपार जातो. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम. जागा उंच आणि पाणी न साचणारी हवी. काळ्या जमिनीत पाया खोल घ्या, ती फुगते-आकसते आणि खांब हलतात. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच, आणि त्याखालून हवा येईल असा मोकळा. बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांत कांदा पडणार नाही एवढीच फट ठेवा आणि पट्ट्यांच्या कडा घासून गोल करा. छपराला कौलं उत्तम, सिमेंटचे पत्रे चालतील. लोखंडी पत्रा असेल तर त्याखाली उसाच्या पाचटाचा किंवा शेडनेटचा थर द्या. छपराच्या कडा भिंतीबाहेर किमान तीन फूट याव्यात.

चाळ, शेततळं आणि ठिबक तिन्हींच्या अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. पूर्वसंमती हातात येण्याआधी काम सुरू करू नका.

भरणी आणि पावसाळा

भरण्याआधी चाळ झाडून जुनी सालपटं, माती, मागच्या वर्षीची काजळी काढून जाळून टाका. काळी बुरशी सालपटांवर वर्षभर राहते. कांदा पाटीतून ओतताना तीन फुटांपेक्षा उंचावरून टाकू नका आणि भरताना त्यावर चालू नका. दबलेला कांदा बाहेरून दिसत नाही, महिन्याने वास देतो.

शेताच्या ज्या भागातला कांदा, त्याचा चाळीत वेगळा कप्पा करा आणि पाटी लावा. ऑगस्टमध्ये कोणत्या कप्प्यात खाद (सडका, टाकाऊ कांदा) जास्त निघते ते नोंदवा. वाट्यांच्या चाचणीत कमी-जास्त आलेला भाग आणि खाद जास्त निघालेला कप्पा ताडून बघितले की पुढच्या वर्षी दुरुस्ती कुठून सुरू करायची ते ठरतं.

उघड्या हवेतल्या साठवणीला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. चाळीच्या मध्यावर एक साधा तापमान-आर्द्रता मापक टांगा. मे महिन्यात हवा कोरडी असते, वजन घटतं. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता वर जाते, सड आणि काजळी वाढते. पावसाच्या झडीच्या बाजूला गुंडाळता येणारा पडदा लावा आणि पाऊस थांबला की लगेच वर करा. चार दिवस पडदा खालीच राहिला तर आतला ओलावा कोंडून पावसापेक्षा जास्त नुकसान करतो. ऊन पडलं की पुन्हा सगळं उघडं. ज्यांना वीज मिळते त्यांनी तळाखालून पंख्याने हवा सोडण्याची सोय करावी, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प २००२ पासून आहे. तिथे ६० ते ९० ग्रे एवढ्या गॅमा किरणांनी कोंब येणं थांबवता येतं. मात्र कांदा सुप्तावस्थेत असतानाच, सुकवणीनंतर लवकर न्यावा लागतो, आणि सड त्याने थांबत नाही. जाड मानेचा कांदा विकिरणानंतरही सडतोच.

विकायचं कधी, ते वजन सांगेल

भरताना पाच जाळीच्या गोण्या प्रत्येकी २५ किलो वजन करून, खुणेची चिठ्ठी बांधून चाळीत वेगवेगळ्या जागी ठेवा. दर पंधरा दिवसांनी वजन करा, सडलेले आणि कोंब आलेले कांदे काढून उरलेलं पुन्हा वजन करा. १०० किलोंचे ७५ उरले की मेमधल्या भावाच्या १.३३ पट भाव मिळाला तरच तुम्ही जिथे होता तिथे आहात. मेमध्ये क्विंटलला १,५०० रुपये मिळत होते, तर आता २,००० ला नफा शून्य. निवडीची मजुरी आणि कर्जाचं व्याज त्याच्यावर. भाव आठवड्याला किती वाढतो आणि गोणी आठवड्याला किती घटते हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडा. घट पुढे जाऊ लागली तो कप्पा त्याच आठवड्यात लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजारात न्या, बाकीचे कप्पे थांबू शकतात. सप्टेंबर सरताना रात्री गार होऊ लागल्या की कोंब वेगाने येतात, तेव्हा गोण्यांचं वजन दर आठवड्याला करा.